खिळा थाऱ्यावर हाय

सकाळी जाग आली की हंसाबाई लगेच उठायच्या नाहीत. पाठीवर पडल्या पडल्या आधी समोरच्या भिंतीतल्या खिळ्याकडे बघायच्या. मग उजव्या कुशीवर वळून पुन्हा त्याच खिळ्याकडे. मग सावकाश उठून खाटेच्या कडेला बसायच्या, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून तिसऱ्यांदा बघायच्या आणि स्वतःशीच, पण घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "थाऱ्यावर हाय."

हे शब्द ऐकले की स्वयंपाकघरात रुचिता चहा गाळायची. आधी गाळला तर निवायचा आणि सासूबाई निवलेला चहा मोरीत ओतायच्या, एक अक्षर न बोलता.

खिळा त्यांच्या नवऱ्याने, रामनाथांनी ठोकलेला. पहाटे बोटीवर जाताना लागणारी बॅटरी त्याला टांगलेली असायची. रामनाथ गेल्यावर बॅटरीतले सेल पाझरले, ती टाकून द्यावी लागली, खिळा मात्र तसाच राहिला. परेशने, म्हणजे त्यांच्या मुलाने, एकदा तिथे कॅलेंडर लावायला घेतलं होतं.

"त्याच्यावर काय लटकवू नको," हंसाबाई म्हणाल्या. "वाऱ्यानं हललं तर मना कसा कलेल, ते हलतंय का मी हलतंय?"

भाईंदरजवळच्या डोंगरीच्या पुढे, जिथून बहुतेक रिक्षा माघारी वळतात, तिथे खाली किनाऱ्याकडे उतरणाऱ्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. दोन खोल्या, पुढे पडवी. गल्ली संपली की मोकळी जागा आणि तिथे वलांडी: जमिनीत उभे रोवलेले बांबू आणि त्यांना एकावर एक आडव्या बांधलेल्या काठ्या. बोंबलांचा मोसम आला की त्या काठ्या भरून जायच्या. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी काठीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. खालच्या काठ्या कोणीही भरतं. सगळ्यात वरची काठी मात्र डोक्याच्याही वर असते. तिच्यासाठी टाचा उचलाव्या लागतात, मान मागे टाकावी लागते आणि हात न बघता चालावा लागतो. आपल्या वलांडीची वरची काठी हंसाबाई लग्न होऊन आल्यापासून भरत होत्या. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

रुचिता या घरात आली ती पूनम सागर या वसाहतीतून. तिचे आईवडील परळची खोली सोडून मीरा रोडला आलेले. वडील विम्याच्या कचेरीत. बोंबील म्हणजे तिला ताटात येणारी वस्तू ठाऊक होती. परेश कॉलेजात भेटला, आता एसी दुरुस्तीची कामं घ्यायचा. रुचिता भाईंदरच्या एका बालवाडीत शिकवायची. लग्नाआधी हंसाबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला होता.

"मावरा खातेस ना?"

"खाते."

"मंग झाला."

पहिली चक्कर आली ती वरच्या काठीखालीच. हंसाबाईंनी मान मागे टाकली, हातातली जोडी वर नेली आणि सगळा किनारा एका अंगावर कलंडला. त्या वाळूत पडल्या. हातातले बोंबील सोडले नव्हते. शेजारच्या वलांडीवरून त्यांची धाकटी जाऊ जिजाबाई धावत आली.

"वयनी, काय झाला?"

"बोट लागली," हंसाबाई डोळे मिटून म्हणाल्या.

हे त्यांना फार लागलं होतं. आयुष्यात एकदाही बोट न लागलेली बाई, नवऱ्याबरोबर भर वाऱ्यात अर्नाळ्यापर्यंत जाऊन आलेली, तिला कोरड्या जमिनीवर बोट लागली. जिजाबाईने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. कोणी म्हणालं पित्त, कोणी म्हणालं बीपी. चक्कर पुन्हा येत राहिली. नाक्यावरच्या एका डॉक्टरांनी मानेचा फोटो काढायला लावला, तो उजेडावर धरला आणि मणक्यात फट पडली असल्याचं सांगितलं. या वयात मानेचा फोटो काढला तर फट कोणाचीही दिसते, हे रुचिताला पुढे कळलं. त्या वेळी घरातल्या सगळ्यांनी फोटोकडे बघून मान हलवली. एकट्या हंसाबाईंची मान हलली नाही, कारण तिला तोवर पट्टा लागला होता.

पांढरा, जाड, हनुवटीखाली रुतणारा पट्टा. तो घातला की वर बघता येत नाही. वर बघितलं नाही की वलांडीखाली चक्कर येत नाही. त्यामुळे पट्ट्याचा गुण आला असं सगळ्यांना वाटलं.

परेशने भाईंदरच्या बाजारातून लाल प्लॅस्टिकची, हाताची खुर्ची आणली. पडवीत ठेवली, वलांडीकडे तोंड करून.

"आय, तू आता इथं बस. इथून तुला सगळं दिसेल."

त्याने ते मायेनेच केलं होतं. हंसाबाई बसल्या. त्यांच्या वलांडीची वरची काठी आता जिजाबाई भरायला लागली. तिची पद्धत वेगळी, जोड्या विरळ टाकायची. हंसाबाई खुर्चीतून बघायच्या, मान वळत नव्हती म्हणून सगळं अंग वळवून. बोलायच्या नाहीत. दोन मोसम असे गेले. पहिल्या मोसमात त्या खुर्चीत बसून जाळ्यांची भोकं शिवायच्या. दुसऱ्या मोसमात नुसत्या बसायच्या. एकदा रुचिता शाळेतून आली तेव्हा खुर्चीजवळ ताट तसंच होतं, माशा बसलेलं.

"आई, जेवला नाहीत?"

"भूक लागाया काम लागतं गो."

पट्टा लावूनही रात्री कुशीवर वळताना खोली फिरायचीच. ते रुचिताच्या लक्षात आलं होतं. दर वेळी उजव्याच कुशीला. ती हे आईजवळ बोलली. तिची आई ममता पूनम सागरला त्याच जुन्या घरात राहत होती, आणि तिला प्रत्येक आजारावर कोणीतरी माहीत असायचं.

"अगं, आमच्या बिल्डिंगखाली कानाची डॉक्टर बसायला लागलीय. मला चक्कर आली होती ना गणपतीत? तिने मला नुसतं आडवं पाडलं आणि उठवलं. औषध पण नाही. घेऊन ये त्यांना."

"कानाची? त्यांची मान दुखते असं म्हणतायत सगळे."

"दुखते का पण मान?"

रुचिताने आठवून बघितलं. मान दुखते असं हंसाबाई कधीच म्हणाल्या नव्हत्या.

डॉक्टर सुचेता रुचिताच्याच वयाची निघाली. खोली लहान, मधोमध तपासणीचा पलंग, भिंतीवर कानाचं मोठं चित्र. त्या चित्रात शंखासारखं काहीतरी होतं. हंसाबाई त्याच्याकडे बघत बसल्या.

"चक्कर म्हणजे नक्की काय होतं, काकी? डोकं हलकं होतं, की सगळं फिरतं?"

"फिरतं. बोट नांगरावर गिरकी घेते ना, तसा."

"किती वेळ?"

"मरेपरेंत."

"अर्धा मिनिट असेल," रुचिता म्हणाली.

"तुला अर्धा मिंट. मना इचार."

डॉक्टर हसली नाही. "आणि येते कधी? नुसतं बसल्या बसल्या येते?"

"बसल्यावर न्हाय. उजव्या अंगावर वलली की येते. आन् वर बघितला की. म्हणून तर ह्यो पट्टा."

"तो आधी काढूया."

पट्टा निघाला. त्याखालची कातडी पांढुरकी पडली होती. डॉक्टरने मान हलकेच इकडे तिकडे फिरवून बघितली, मग दोन्ही हातांत हंसाबाईंचं डोकं धरलं.

"माझ्या नाकाकडे बघा. मी डोकं हलवलं तरी नजर नाकावरून काढायची नाही."

"नथ न्हाय घातलीस गो. बघू कशाला?"

"पुढच्या वेळी घालते. आता बघा."

डोकं पटकन एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. नजर नाकावरच राहिली. मग बोट डावीकडे, बोट उजवीकडे. मग फरशीच्या एका रेषेवरून चालून दाखवायला सांगितलं. हंसाबाई लुगडं जरा उचलून, खाडीच्या चिखलातून चालावं तशा चालल्या, पण सरळ चालल्या.

"छान. आता पलंगावर बसा, पाय लांब करून. मी तुम्हाला पटकन मागे झोपवणार आहे, डोकं कडेच्या जरा खाली जाईल. चक्कर येईल. घाबरायचं नाही, आणि काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत. मला डोळेच बघायचेत." मग ती रुचिताकडे वळली. "तुम्ही पण इकडे या. एकदा बघितलंत की घरी कळेल."

तिने हंसाबाईंचं तोंड उजव्या खांद्याकडे वळवलं आणि एका दमात मागे झोपवलं.

आधी काही झालं नाही. हंसाबाईंचे डोळे नुसते उघडे होते, छताच्या उजेडात तपकिरी. मग बुबुळं हलायला लागली. वर उसळायची, गोल वळसा घ्यायची, परत यायची, पुन्हा उसळायची. काठाशी बांधलेली होडी लाटेवर ओढ खाते तशी. रुचिताने असं कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षं ज्या गोष्टीबद्दल त्या बोलत होत्या ती अशी बाहेरून दिसते, आणि आपण कोणी त्यांच्या डोळ्यांत बघितलंच नव्हतं, हे तिच्या मनात आलं आणि तिथेच थांबलं.

"आय गो! धर, धर, उलटली!"

"धरलंय मी. डोळे उघडे. बघा, थांबतंय. थांबलं?"

हंसाबाईंनी डॉक्टरचा कुर्ता मुठीत धरला होता. हळूहळू मूठ सुटली. "थांबला," त्या म्हणाल्या.

मग डॉक्टरने त्यांचं डोकं तसंच लोंबतं ठेवून सावकाश डावीकडे वळवलं आणि थांबली. मग सगळं अंग डाव्या कुशीवर, तोंड जमिनीकडे. पुन्हा थांबली. मग हनुवटी छातीशी लावून उठवून बसवलं. एवढंच.

"कानाच्या आत अगदी बारीक खडे असतात, काकी. वाळूसारखे. त्यांनी आपला तोल कळतो. ते जागेवरून सुटून भलत्या नळीत गेले, की वळल्यावर नळीतलं पाणी ढवळतं आणि जग फिरतं. मी ते फिरवून पुन्हा जागेवर घातले. मानेचा काही संबंध नाही."

"वालू? कानात? दर्याची?"

"नाही, तुमचीच."

हंसाबाईंनी कानाला हात लावून बघितला. मग पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आन् मी दोन वरसं गल्यात पट्टा घालून कुतऱ्यासारखी दारात बसली."

डॉक्टरने पुन्हा आडवं करून बघितलं. बुबुळं या वेळी जागच्या जागी राहिली. तिने रुचिताला सगळं करून दाखवलं, तिच्याकडून करवून घेतलं. निघताना म्हणाली, "हे पुन्हा होऊ शकतं. झालं तर असंच फिरवायचं. पण एक लक्षात ठेवा. ही चक्कर वळल्यावर येते आणि मिनिटाच्या आत जाते. स्वस्थ बसूनही फिरतच राहिलं, चालता येईना, जीभ जड झाली, तर ते खडे नाहीत. मग फिरवत बसायचं नाही. सरळ मोठं हॉस्पिटल."

रुचिताने मान डोलावली. हंसाबाई तोवर बाहेर जाऊन चपला घालत होत्या.

रिक्षात पट्टा त्यांच्या मांडीवर होता. घरी आल्यावर त्यांनी तो धुऊन दोरीवर वाळत टाकला, कोणाला तरी लागेल म्हणून. दुसऱ्या दिवशी गल्लीतलं भुरं कुत्रं तो तोंडात धरून किनाऱ्याकडे पळताना जिजाबाईने बघितलं.

"वयनी, तुजा पट्टा चालला!"

"जाऊ दे. त्याचाच व्हता, घेऊन गेला."

त्या हसल्या. पट्ट्याची चव आवडली असावी, कारण आठवडाभरात कुत्र्याने हंसाबाईंची एक चप्पलही नेली. तेव्हापासून चपला दारात राहू नयेत असा नियम झाला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या ते सांगायच्या. पाहुण्यांना, मीटर बघायला आलेल्या माणसाला, परेशला रोज.

खुर्ची मात्र गेली नाही. हंसाबाई म्हणाल्या, कोणाला तरी देऊन टाक. परेशने ती उलटी करून माळ्यावर ठेवली.

"राहू दे आय. लागेल."

हे शब्द त्यांनी विसरावेत असं रुचिताला वाटायचं. त्या विसरल्या नाहीत. जेवताना मध्येच माळ्याकडे नजर जायची. खिळ्याकडे बघायची सवय तेव्हाच लागली. सकाळी खिळा हलला नाही म्हणजे आज खुर्ची खाली येणार नाही, एवढा साधा तो हिशेब होता.

मोसम सुरू झाला तेव्हा वरची काठी पुन्हा त्यांची झाली. पहिल्या दिवशी जिजाबाई खाली उभी राहिली, पडल्या तर धरायला. हंसाबाईंनी टाचा उचलल्या, मान मागे टाकली, हात वर नेला. जोडी काठीवर बसली. दुसरी बसली. जिजाबाई मग आपल्या वलांडीकडे गेली. रुचिता सुट्टीच्या दिवशी खालच्या काठ्या भरायची. तिच्या जोड्या सुटायच्या.

"तोंडात तोंड नीट दे. नवराबायको हायत ते, लाजतेस कशाला?"

गल्लीत कोणाला गरगरलं की आता हंसाबाईंकडे पाठवायचे. त्या बाईला खाटेवर बसवून धाडकन मागे पाडायच्या आणि तिच्या डोळ्यांवर वाकायच्या. बिचारी सुलू, मागच्या घरातली, एकदा भिंत धरत आली.

"डोलं उघडे ठेव! मिटू नको!"

"काकी, माझी संकष्टी हाय आज. सकालपासून पानी पन न्हाय प्यायली."

"गप. बघू दे." बराच वेळ बघून त्यांनी तिला उठवलं. "डोलं न्हाय नाचत तुजे. चंद्राची वाट नको बघू, जेव."

थंडीत त्यांची स्वतःची वाळू एकदा सरकली. सकाळी 'थाऱ्यावर हाय' ऐकू आलं नाही. त्याऐवजी हाक आली. रुचिताने हात धुतले, त्यांना बसवलं, मागे झोपवलं. डोळे नाचले, थांबले. तिने शिकवल्याप्रमाणे डोकं दोन्ही हातांत धरून वळवलं. माणसाचं डोकं इतकं जड असतं हे तिला ठाऊक नव्हतं. केसांना तेलाचा आणि सुक्या मासळीचा वास होता. उठून बसल्यावर हंसाबाईंनी खिळ्याकडे बघितलं.

"परेसला नको सांगू."

"का?"

"खुर्ची काढील."

रुचिताने सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंही नव्हतं. आठवड्यात सगळं बरं होतं, जिजाबाईला हंसाबाईंनीच ते सांगितलं आणि गल्लीतल्या बायकांत एक गोष्ट पक्की झाली, की हंसाबाईंना चक्कर आली तर रुचिता फिरवते आणि चक्कर जाते.

मोसम संपत आला होता तेव्हाची सकाळ. चहा उकळला, रुचिताने आच मंद केली. शब्द आले नाहीत. ती गाळणी हातात धरून थांबली. शाळेची घाई होती. मग शब्द आले.

"थाऱ्यावर हाय."

आवाज नेहमीचाच होता. पुढे पाय जमिनीला टेकल्याचा आवाज आला नाही, एवढंच. रुचिताने चहा खाटेजवळ नेऊन दिला. हंसाबाई बसलेल्या होत्या, एक हात भिंतीला. पेला त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"बरं वाटतंय ना?"

"वाटतंय. तू जा. बस चुकंल."

ती गेली.

बाकीचं जिजाबाईने नंतर सांगितलं, हॉस्पिटलच्या बाकावर बसून, पुन्हा पुन्हा, तेच, त्याच शब्दांत. परेश कामाला गेल्यावर हंसाबाई भिंतीला धरून, मग कुंपणाला धरून वलांडीपर्यंत आल्या होत्या. वरची काठी अर्धी भरली. मग खाली बसल्या. उलटी झाली. जिजाबाई धावली.

"वयनी, परेसला फोन करू?"

"नको. वालू हाय. सकाली मीच फिरवली खाटेवर, नीट न्हाय बसली. रुचिता येईल, ती फिरवील."

"दवाखान्यात जाऊ या?"

"वालूसाठी दवाखाना? खुर्ची काढतील परत. तू बस इथं. कोनाला सांगू नको."

आणि जिजाबाई बसली. तिनेही तो पूर्वीचा गुण बघितला होता. तिने हंसाबाईंना घरी आणून खाटेवर निजवलं, उशाशी तांब्या ठेवला, आणि दोघी रुचिताची वाट बघत राहिल्या. ऊन पडवीतून निघून गेलं. मध्ये एकदा जिजाबाई हंसाबाईंचे उरलेले बोंबील काठीवर टाकून आली, खराब होऊ नयेत म्हणून. त्या दिवशी तिने जोड्या दाट टाकल्या, वयनीला आवडतात तशा.

दुपारी रुचिता आली तेव्हा जिजाबाई दारातच उभी होती. "आलीस? चल, फिरव लवकर. सकालपासून वाट बघते तुजी."

रुचिताने पर्स ठेवली, हात धुतले. हंसाबाईंना उठवून बसवायला गेली, तर त्या बसेनात. डाव्या अंगावर कलायच्या, भरलेल्या पोत्यासारख्या. तिने त्यांना आपल्या खांद्याशी टेकवलं आणि डोळ्यांत बघितलं. अजून झोपवलंही नव्हतं, मान वळवलीही नव्हती, आणि बुबुळं हलत होती.

"आई, माझ्याकडे बघा. आता खिडकीकडे."

खिडकीकडे बघितलं की बुबुळं खिडकीकडे ओढ घेत. दाराकडे बघितलं की दाराकडे. ती थांबण्याची वाट बघत राहिली. मिनिट गेलं असेल. थांबली नाहीत.

"फिरव ना गो," हंसाबाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती, शब्द चिकटून येत होते.

रुचिताचे हात त्यांच्या डोक्याला धरलेले होते, शिकवल्याप्रमाणे, अंगठे कानांच्या मागे. ते तसेच राहिले. मग तिने डोकं उशीवर ठेवलं.

"काकी, परेशला फोन लावा. आत्ता."

"फिरवत न्हायस?"

"हे ते नाहीये."

परेश जवळच कामावर होता. गाडी मिळाली. भाईंदरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूच्या मागच्या भागात, जिथून तोल सांभाळला जातो तिथे, रक्त पोचायचं थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या भागाला सूज आली. हंसाबाई जाग्या होईनात. ऑपरेशनचं बोलणं झालं, सह्या झाल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

"सकाळीच आणलं असतं तर?" परेशने विचारलं.

डॉक्टरांनी फाईल मिटली. "सांगता येत नाही," ते म्हणाले.

परेशने रुचिताला कधी काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. थंडीतल्या त्या सकाळचं तर नाहीच. लोक भेटायला यायला लागले तेव्हा पडवीत बसायला जागा पुरेना. ती लाल खुर्ची तिथेच होती. त्यात येणारे जाणारे बसायचे, चहा घ्यायचे, उठायचे. रुचिता चहा गाळून देत होती. तिला रडू येत नव्हतं. कोणीतरी म्हणालं, आत कोंडून ठेवू नकोस. आत काही कोंडलेलं आहे का, हे तिने बघितलं. आत भांड्यांचा आवाज होता.

तेराव्यानंतर एका दुपारी ती हंसाबाईंच्या खाटेवर आडवी झाली. समोर खिळा होता. ती उजव्या कुशीवर वळली, मग उठून बसली. खिळा जिथे होता तिथेच होता. तिने काही म्हटलं नाही. आता सकाळी चहा कधी गाळायचा ते तिला कळत नाही, ती अंदाजाने गाळते.

बायका विचारतात, शेवटचं काय बोलली हंसा? जिजाबाई सांगते, परेसचं नाव घेतला. बायका डोळ्यांना पदर लावतात. रुचिता ते खोडून काढत नाही. पण ते शेवटचं बोलणं झालं तेव्हा तिथे ती होती.

त्या दुपारी गाडी नाक्यावरच थांबली होती, गल्लीत शिरत नव्हती. नाक्यापर्यंत उचलूनच न्यावं लागणार होतं, म्हणून परेशने माळ्यावरून खुर्ची काढली. हंसाबाईंना तिच्यात बसवलं, ओढणीने खुर्चीच्या पाठीला बांधलं. त्यांनी खुर्ची बघितली की नाही, कोण जाणे. नको म्हणाल्या नाहीत. परेशने मागून धरलं, शेजारच्या बबनने पुढून. जिजाबाई पिशवी घेऊन निघाली. रुचिता कुलूप शोधत होती. गाडीत त्या बोलल्या नाहीत, नुसत्या कण्हत होत्या, आणि हॉस्पिटलात तर काहीच नाही. बोलल्या त्या तिथेच, उंबऱ्यावर. खुर्ची जरा कलली तेव्हा त्यांनी डोळे अर्धवट उघडले, खाली जमिनीकडे बघितलं आणि रुचिताला म्हणाल्या,

"चपला आत घे गो. कुतरा नेल."